कमरेच्या वरचा फोटो

"बाई स्वतः बोलत नाहीत का?" मायानं विचारलं.

"मला इचारा की," जावई म्हणाला. "मामींचं समदं मला तोंडपाठ हाय."

आणि खरोखरच होतं. आठ महिन्यांपासून कमरेत दुखतंय. पाय जड झालेत. आधी काठी लागायची, आता दोन माणसं लागतात. कमरेचा एमआरआय दोनदा झाला, दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली निघाली. सोमवारी ऑपरेशन. त्याआधी डॉक्टरांना ताजा फोटो पाहिजे. जावयानं, मल्हारनं, हे एका दमात सांगितलं, मधे दोनदा 'मतलब' म्हणाला आणि एकदा 'फिर'. त्याचं हैदराबादला गलाईचं दुकान होतं. सोनं-चांदी आटवायच्या भट्टीपुढं वर्षाचे अकरा महिने काढल्यावर जीभ थोडी तिकडची झाली होती. सासऱ्याची मेंढरं थंडीत कुंडलच्या बाजूला उसाच्या रानात बसायला गेलेली, सासरा आणि मेव्हणा त्यांच्यामागं. म्हणून सासूला दवाखान्यात न्यायचं-आणायचं काम जावयावर आलं होतं, आणि तो दर वेळी हैदराबादहून येऊन ते मन लावून करत होता. म्हसवडजवळच्या वस्तीवरून पहाटे निघून त्यानं गाडी सांगलीला आणली होती.

चाकाच्या खुर्चीत बसलेल्या भामाबाई फरशीकडं बघत होत्या. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, हाडापेरानं दणकट बाई. पदर कपाळाच्या खाली ओढलेला. चर्चा दुसऱ्याच कुठल्या बाईची चालली आहे, असा चेहरा.

"दुखतं कुठं, मावशी?" मायानं वाकून विचारलं.

"कंबर," भामाबाई म्हणाल्या. तेवढंच.

"बगा, मी काय सांगितलं?" मल्हार म्हणाला.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या या स्कॅन सेंटरात माया बारा वर्षं एमआरआय काढत होती. मशीनची खोली कायम गार, त्यामुळं ती ऐन मे महिन्यातही स्वेटर घालून कामाला यायची आणि सिटी बसमधल्या बायका तिच्याकडं वळून वळून बघायच्या. आष्ट्याला तिची आई शेजारणींना सांगायची, "आमची माया मशीनवर डॉक्टर हाय."

"आई, मी टेक्निशियन आहे गं."

"तेच की. माणसाच्या आतलं बगतीस का न्हाई?"

बघत होती. तेच तर दुखणं होतं. दिसायचं सगळं आणि बोलायचं काही नाही. पेशंट मशीनमधून बाहेर आला की उठून बसायच्या आधी विचारायचा, "काय दिसलं हो, ताई?" आणि मायानं बारा वर्षं एकच उत्तर दिलं होतं, "डॉक्टर सांगतील." दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याला ती चुकून म्हणाली होती, "आजोबा, जरा लवकर दाखवा हं." त्यांच्या डॉक्टरांनी मालकांना फोन केला आणि मालकांनी मायाकडून माफी लिहून घेतली. तेव्हापासून आणखी एक नियम आला. फॉर्मवर लिहिलंय तेवढंच काढायचं, बोटभरही जास्त नाही.

भामाबाईंच्या फॉर्मवर लिहिलं होतं, कमरेचा मणका.

मायानं जुन्या दोन्ही फिल्म दिव्यासमोर धरल्या. वेगवेगळ्या गावांत काढलेल्या, पण एकाच साच्यातल्या. खाली माकडहाड, मधे कंबर, वर छातीचे शेवटचे दोन मणके, आणि तिथं चौकट संपलेली. गादी थोडी पुढं आली होती हे खरं. पण तेवढी तर या वयाच्या निम्म्या लोकांची आलेली असते. त्यातले कितीतरी जण एसटीत उभ्यानं प्रवास करतात.

"माया मॅडम!" बाहेरून महेंद्रचा आवाज आला. काउंटरवर बसणारा महेंद्र नंबर पुकारायचा तो लिलाव केल्यासारखा. "अकरा पेशंट बसल्यात! लोक माझं डोकं खायला लागल्यात!"

"तुझ्या डोक्यात खायला काय असतंय रे?" मायानं आतूनच विचारलं.

बाहेरच्या बाकावर कुणीतरी हसलं.

*

कपडे बदलायच्या खोलीत पुरुषांना प्रवेश नव्हता. मल्हार दाराशी अडला.

"मामींना उभं ऱ्हाता येत न्हाई. मी धरतो."

"मी धरते. तुम्ही बाहेर बसा."

"त्यांना काय समजलं न्हाई तर?"

"गाऊन घालायचाय, दादा. त्यात समजायचं काय असतंय?"

मायानं दार लावलं आणि भामाबाईंना बाकड्यावर घेतलं. घेताना तिच्या हाताला पहिली गोष्ट लागली. पाय ढिले नव्हते. कमरेत नस दबलेली माणसं आणताना पाय लुळे लोंबतात, हे तिनं शेकड्यानं पाहिलं होतं. हे पाय ताठ होते, वाळलेल्या लाकडासारखे. गुडघा वाकवायला गेलं तर आतून कुणी ओढून धरल्यागत परत सरळ होत होते.

मग लुगडं फेडताना उजव्या मांडीवर तळहाताएवढी जखम दिसली. कडेनं काळी, मधे लाल.

"हे काय, मावशी?"

"शेकलंया. सुनंनं इटकर तापवून दिलती फडक्यात."

"एवढं भाजेपर्यंत?"

"कळलंच न्हाई की. वास आला तवा पोरगी वराडली, आत्ती, तुमचं लुगडं जळतंया."

भामाबाई हसल्या. जावयाचा डोळा नसला की या बाईला तोंड होतं.

माया खाली बसली. "डॉक्टरांना दाखवलं हे?"

"मांडी दावू व्हय त्येंला? पावनं शेजारी उबं."

"आणि अजून काय होतंय? नीट सांगा. इथं कुणी नाही."

भामाबाईंनी दाराकडं पाहिलं. कडी लावलेली आहे ना, ते पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "चालताना भुई लागत न्हाई पायाला. घोंगड्याच्या घडीवर पाय पडल्यावानी वाटतंया. चप्पल कवा सुटली त्ये मागनं येणारं माणूस सांगतंय. आन हितं..." त्यांनी दोन्ही हात छातीखाली, बरगड्यांभोवती फिरवले, "हितं दाव्यानं आवळल्यावानी हुतंय. करकचून. रातध्याड."

"कधीपासून?"

"पयल्यापास्नं. कंबर त्येच्या मागनं धरली."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"कुणापुढं सांगू गं? जावयापुढं? छातीचं?" भामाबाईंनी असं पाहिलं की जणू मायानंच काही वावगं म्हटलं होतं. "त्येंच्यापुढं मी खाटंवर बी बसत न्हाई. डाक्टर इचारत्यात त्येंला, त्ये सांगत्यात कंबर, मी म्हंती व्हय, कंबर. कंबर सांगाय बरी वाटती." थोडं थांबून त्या आणखी हळू म्हणाल्या, "आन लगवीला लागली की दम निघत न्हाई. म्हयना झाला. गाडीत बसायचं म्हणून कालपास्नं पाणी न्हाई पेलं."

माया उठली. ट्रेमधला स्पिरिटचा बोळा घेतला. हे ती करायची गोष्ट नव्हती, डॉक्टरांची होती. पण रिपोर्ट लिहिणाऱ्या प्रांजल मॅडमना असं करताना तिनं पाहिलं होतं.

"डोळे मिटा. गार लागलं की बोला."

पाऊल. पोटरी. गुडघा. मांडी. भामाबाई गप्प. ओटीपोट. बेंबी. गप्प. बेंबीच्या वर चार बोटं. गप्प. दोन्ही बरगड्या जिथं मधे मिळतात, तिथं बोळा आला आणि भामाबाई दचकल्या.

"आगं आय! गार हाय की!"

दुसऱ्या बाजूनंही तीच जागा. पट्टी धरून ओढल्यासारखी रेघ. तिच्या खाली गारवा नाही, चटका नाही. आणि सोमवारी कुणीतरी त्या रेघेच्या वीतभर खाली, कमरेत, चाकू लावणार होतं.

"मावशी, हे डॉक्टरांना सांगावं लागेल."

"सांग. बाई हाईस, तुला सांगितलं." त्यांनी मायाचं मनगट धरलं. हाताला जोर भरपूर होता. "पर पावन्यास्नी न्हाई. शपथ घे गळ्याची."

"मावशी..."

"घे."

मायानं शपथ घेतली, आणि त्याच क्षणी तिला वाटलं, झालं, आता आपलं दोन्हीकडून तोंड बंद.

*

"फॉर्म बदलून पाहिजे," ती महेंद्रला म्हणाली. "पूर्ण पाठीचा."

"मग वीस मिनिटांच्या जागी पाऊण तास! बाहेर बघा जरा."

"डॉक्टरांना फोन लाव."

महेंद्रनं लावला. सहायकानं उचलला. सर ऑपरेशनमध्ये आहेत. मायानं सांगितलं की छातीच्या रेघेखाली स्पर्श समजत नाही, पाय ताठ आहेत, वरचा भाग बघायला हवा.

"कोण बोलतंय? डॉक्टर का?"

"टेक्निशियन."

पलीकडं कुणाशी तरी कुजबुज झाली. मग, "थांबा, सरांना विचारतो." थांबली. फोनमध्ये बासरी वाजत राहिली. बासरी संपून पुन्हा सुरू झाली. मग सहायक परतला. "सर म्हणतात, लिहिलंय तेवढंच काढा. केस सोमवारी लागलीय. आणि रिपोर्ट तीनपर्यंत पाठवा."

"तुम्ही त्यांना रेघेचं सांगितलंत का?"

"मॅडम, सर हातमोजे घालून उभे आहेत."

फोन बंद.

मायानं प्रांजल मॅडमना लावला. त्या शुक्रवारी साताऱ्याच्या सेंटरला असायच्या. लागला नाही. पुन्हा लावला. निरोप लिहिला. निरोपापुढं एकच खूण, दुसरी उमटेना.

मल्हार पुढं आला. "काय प्रॉब्लेम हाय का?"

"वरचा भागही काढायला हवा, असं वाटतंय."

"का? दुखतंय तर कमरेत."

'का' याचंच उत्तर तिच्याकडं होतं आणि तेच देता येत नव्हतं.

"न्हाई, का ते तरी सांगा!"

"मला सांगता येत नाही."

"मंग कुणाला येतंय?" मल्हार चिडला. "तीन दवाखानं झालं, दोन फोटू झालं. जो त्यो म्हंतो दुसऱ्याला इचारा. मामी आठ म्हयन्यांत मेंढरामागनं उठून खुर्चीत बसल्या. तुमी लोकं करता तरी काय?"

बाकावरचे सगळे आता इकडंच बघत होते. एका आजींनी तर चष्मा घातला.

"त्येंनी लिवलंय त्येवढं काढा आन आमाला सोडा," मल्हार म्हणाला. "संध्याकाळच्या आत पोचायचंय."

*

भामाबाई मशीनमध्ये गेल्या. कानात बोळे, हातात रबरी फुगा, भीती वाटली तर दाबायला. काचेच्या अलीकडून मायाला फक्त त्यांचे तळवे दिसत होते, भेगाळलेले, मधूनमधून आपोआप थडथडणारे. कमरेचा फोटो निघाला. तीच गादी, तिसऱ्यांदा. तीनपर्यंत पाठवायला अगदी तयार.

"झालं?" महेंद्रनं दारातून डोकं घातलं. "काढू बाहेर?"

"तीन मिनिटं."

"कशाची?"

"महेंद्र, दार लाव."

"मालक विचारतील हं."

"विचारू दे. मी सांगेन. तुझं नाव नाही घेणार."

महेंद्रनं तिच्याकडं पाहिलं, नाक चोळलं आणि दार लावलं. बाहेरून.

तिनं चौकट वर सरकवली. मान ते कंबर, एकाच लांब फोटोत. मशीन ठकठक करायला लागलं. माया पडद्याकडं बघत होती. तिला एकीकडं वाटत होतं की काही निघू नये, आणि एकीकडं वाटत होतं, निघालं नाही तर मालकांना काय सांगू? या दुसऱ्या विचाराची तिला स्वतःचीच लाज वाटली.

चित्र भरत गेलं. मानेपासून खाली मज्जारज्जू उतरत होता. पांढऱ्याशुभ्र पाण्यातली करडी दोरी. छातीचा पहिला मणका, दुसरा, तिसरा. पाण्यासकट छान. सहाव्यापाशी मात्र पाणी संपलं होतं. तिथं नळीच्या आत एक गोळा बसला होता, जांभळाएवढा, गुळगुळीत, कुणी आणून ठेवल्यासारखा. आणि दोरी त्याच्या मागं दबून फितीसारखी चपटी झाली होती.

जुन्या चौकटी जिथं संपत होत्या, त्याच्या पाचच मणके वर.

"अरे देवा," माया म्हणाली, आणि मग, कुणीही ऐकत नसताना, दातांखाली एक शिवी.

फोन वाजला. प्रांजल मॅडम. "माया, किती मिस्ड कॉल? काय झालं?"

"चित्र पाठवते. बघा आधी."

पलीकडं मणके मोजल्याचा पुटपुटता आवाज आला.

"हे कुणी काढायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"हं." मग आवाज एकदम कामाचा झाला. "फॉर्म मी बदलते, माझ्या नावावर. रक्ताचा रिपोर्ट आहे का, किडनीचा?"

"सोमवारच्या ऑपरेशनसाठी केलेला आहे. ठीक आहे."

"मग रंगाचं इंजेक्शन देऊन पुन्हा घे. गाठ कशी उजळते ते बघायचंय. नातेवाइकाची सही घे. त्यांना सांग, मी फोनवर बोलेन, पाच मिनिटांत."

*

मल्हारनं कागद हातात घेतला नाही.

"इंजेक्शन? मशीनमधी सुई? त्येंनी लिवलंय का ह्ये?"

"दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलंय. त्या पाच मिनिटांत बोलतील तुमच्याशी."

"दिसलं काय तुमाला?"

"डॉक्टर..."

"डॉक्टर सांगतील! डॉक्टर सांगतील!" मल्हार ओरडला. "तुमच्या तोंडावर दिसतंय कायतरी हाय म्हणून! मी काय आंधळा हाय? कमरेत काय निगालं?"

"कमरेत नाही."

"मंग कुठं? त्येंला कमरेबिगर काय हुतच न्हाई! मला ठावं हाय!"

"तुम्हांला नाही ठाऊक!" माया ओरडली. बारा वर्षांत पेशंटच्या माणसावर ती पहिल्यांदा ओरडली होती. पुढचे शब्द जिभेवर आले आणि तिनं गिळले. शपथ एका बाजूनं, नियम दुसऱ्या बाजूनं. ती वळली, मशीनच्या खोलीत गेली आणि भामाबाईंना मशीनमधून ट्रॉलीवर बाहेर घेतलं. दार उघडंच ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "मी शपथ मोडत नाही. पण मला आता तुम्हांला सुई द्यायचीय, आणि सही हे करत नाहीत. का, ते त्यांना कळत नाही. कसं कळणार? सांगा तुम्ही. मला नाही येत."

भामाबाई ट्रॉलीवर आडव्या. अंगावर निळा गाऊन, डोक्यावर पदर नाही. दारात जावई. त्यांचा हात सवयीनं कपाळाकडं गेला, पदर शोधायला, आणि रिकामाच परत आला.

"मामी?" मल्हार म्हणाला. आवाज खाली आला होता. नजर त्यानं भिंतीकडं वळवली होती, तीही सवयीनंच.

भामाबाईंनी गाऊनची गळ्याजवळची कड मुठीत धरली.

"पावनं," भामाबाई छताकडं बघत म्हणाल्या, "कंबर न्हाई. छातीखालनं आवळतंया. पयल्यापास्नं. मांडी जळली त्ये कळलं न्हाई. आन लगवी ऱ्हात न्हाई. झालं? करा आता सही."

मल्हारनं कागद हातात घेतला. आठ महिने प्रत्येक डॉक्टरला त्यानंच सगळं सांगितलं होतं. न अडखळता.

त्यानं सही केली.

*

इंजेक्शननंतर गाठ दिव्यासारखी उजळली. सगळीकडून सारखी, आणि कडेला मज्जारज्जूच्या आवरणावर शेपटीसारखी बारीक रेघ. प्रांजल मॅडम फोनच्या स्पीकरवर बोलल्या. सावकाश, दोघांनाही कळेल असं. गाठ आवरणाला धरून वाढलेली आहे. बहुतेक कॅन्सरची नाही, पण खात्री काढून तपासल्यावरच होईल. मणक्याच्या आत आहे, तेव्हा मेंदू आणि मणक्याच्या सर्जनचं काम. कमरेचं ऑपरेशन रद्द करा. "आजच दाखवा. मिरजेत मी बोलून ठेवते."

"म्हंजे काढली की चालतील?" मल्हारनं विचारलं.

"चालण्याची शक्यता चांगली आहे. पण किती, ते आत्ता कुणीच सांगू शकणार नाही. दाब आठ महिने राहिलाय. पहिल्या दोन महिन्यांत आल्या असत्या तर मी जास्त ठामपणे बोलले असते."

फोन ठेवल्यावर मल्हारनं जुन्या फिल्मच्या पिशवीवर हात आपटला. "दोनदा झोपवलं त्येंला असल्याच मशीनमधी! दोनदा! वीतभर वर सरकवायला काय हुत हुतं? सगळी पाठ पयल्याच येळी का न्हाई काढत तुमी?"

मायाकडं उत्तर होतं. फॉर्म, रांग, नियम. ते सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही या माणसापुढं उभं राहीना.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

"तिला का बोलताय?" ट्रॉलीवरून भामाबाई म्हणाल्या. मायानं त्यांना लुगडं नेसवलं होतं, पण पदर अजून खांद्यावरच होता. "बोलायचं तर मला बोला."

"तुमाला काय बोलू, मामी? मला न्हाई तर न्हाई, तुमच्या लेकीला तरी सांगायचं."

"ती बी तुमच्याच घरात नांदती. तुमाला सांगितल्याबिगर ऱ्हायली असती व्हय?"

मल्हारला हसू आलं, आणि लगेच त्याचं तोंड वाकडं झालं. त्यानं पाठ फिरवून फोन कानाला लावला. हाडांच्या दवाखान्यातला तोच सहायक. मायाला एकच बाजू ऐकू येत होती.

"सोमवारचं रद्द करा... न्हाई, तारीख नको... न्हाई, उपाशी आणायचं न्हाई, आणायचंच न्हाई!... अवो, गाठ हाय छातीत, मणक्यात... सर बिझी हायती, ठावं हाय मला... तुमी फकस्त नाव खोडा. भामाबाई. खोडलं? वाचून दाखवा."

महेंद्रनं न सांगता खुर्ची आणली होती. त्यानं आणि मल्हारनं मिळून भामाबाईंना उचललं. दाराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "पावनं, थांबा. मला मोरीवर जायाचंय. आत्ता."

मल्हारनं खुर्ची वळवली. कुठं ते विचारायला त्यानं मायाकडं पाहिलं. मायानं हात केला, "उजवीकडं, शेवटचं दार," आणि पुढं होऊन ते दार उघडून धरलं.